मृग लागण्याआधी: मरळ राखा, मांगूर रोखा

अक्कलकोट रोड एमआयडीसी, कुंभारी आणि आसपासच्या सर्व रहिवाशांना, कामगारांना, कारखानदारांना आणि शेतकऱ्यांना जाहीर आवाहन



7–8 जूनला मृग नक्षत्र लागतं. पहिला दमदार पाऊस झाला की आपल्याकडचे कोरडे ओढे वाहू लागतात, दगडखाणींचे खड्डे भरतात, पाझर तलावांत पाणी चढतं. त्या पहिल्या पाण्यात एकाच वेळी दोन गोष्टी घडतात. उन्हाळाभर चिखलात तग धरून राहिलेली मरळ अंडी घालायला काठाच्या गवताकडे सरकते. आणि उन्हाळाभर आवारात, गटारीत, नाल्याच्या कडेला जे काही साचलेलं असतं, तेल, रंग, खारं पाणी, कचरा, ते सगळं धुऊन त्याच काठाला येऊन लागतं. म्हणून हे आवाहन पावसानंतर वाचून उपयोग नाही. ते आजच वाचा, आणि शेजारच्या मागावर उभा असलेला माणूस तेलुगू किंवा कन्नड बोलणारा असेल तर त्याला त्याच्या भाषेत सांगा.

मागण्या तीनच आहेत.

एक: जूनपासून सप्टेंबरपर्यंत पिल्लं घेऊन फिरणारी मरळ कोणीही मारू नये.

दोन: परदेशी शिकारी मासा, मग तो खाण्याचा मांगूर असो की काचेच्या टाकीतला शोभेचा, कोणीही पाळू नये, विकत घेऊ नये आणि उघड्या पाण्यात सोडू नये.

तीन: पावसाचा आडोसा घेऊन कोणत्याही कारखान्यानं, गॅरेजनं किंवा टँकरवाल्यानं ओढ्यात काहीही सोडू नये.

आता यामागची कारणं.

कोण आहेत हे मासे?

आपल्या भीमा-सीनेच्या खोऱ्यात मासे खाऊन जगणारे मासे बरेच आहेत. खोल डोहात राहणारा, मोठ्या जबड्याचा शिवडा. लांब मिशांचा शिंगाडा. दगडांच्या कपारीत दडणारी वाम. आणि उथळ, गवताळ, गढूळ पाण्याची राणी मरळ. शिवडा वाढला तर माणसाच्या उंचीएवढा होतो. जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद आज ‘असुरक्षित’ म्हणून आहे. त्याला मोठी नदी आणि खोल डोह लागतो, तो आपल्या नाल्यात सापडणार नाही. पण मरळीला एवढं काही लागत नाही. गावतळं, ओढ्यातलं डबकं, जुनी खाण, विहीर, शेताच्या बांधालगतचा पाणथळ खड्डा, एवढ्यावर ती संसार करते. एमआयडीसीच्या कुंपणाबाहेर जे पाणी उरलं आहे ते नेमकं असंच आहे.

मरळ जगते कशी, हे समजून घेतलं तर निम्मं आवाहन आपोआप पटेल. तिच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूला, हवा साठवून श्वास घेण्याची एक पोकळी असते. पाण्यात प्राणवायू नसला तरी ती वर येते, तोंडानं हवा घेते आणि परत खाली जाते. म्हणूनच ज्या डबक्यात रोहू-कटला एका दिवसात मरून वर येतील तिथे मरळ जगते. पाणी आटलं तर ओल्या चिखलात दडून ती पावसाची वाट पाहते. सोलापूरसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यात ती टिकली ती या अंगभूत गुणामुळे.

पण हा गुण मोठ्या मरळीत असतो. पिल्लू जन्मतः तसं नसतं. मरळ काठाच्या गवतात थोडी मोकळी जागा करते आणि तिथे अंडी घालते. अंडी बुडत नाहीत, पाण्याच्या पृष्ठभागावर पिवळसर थराप्रमाणे तरंगत राहतात. दोन-तीन दिवसांत पिल्लं बाहेर पडतात आणि लालसर-केशरी रंगाचा त्यांचा दाट घोळका पृष्ठभागालगत फिरू लागतो. खाली, अगदी जवळ, आई-बाप पहारा देत असतात. हवेतून श्वास घेण्याची सोय पिल्लांमध्ये पुढच्या काही आठवड्यांत तयार होते. तोवर ती कल्ल्यांवर आणि त्वचेवरच जगतात, म्हणजे सगळी मदार पाण्यावर. अंडी वर तरंगणार, पिल्लं वर फिरणार, मोठी मरळ श्वासाला वर येणार. आणि तेलाचा तवंग कुठे असतो? वरच. पाण्यावर नुसती तेलाची पातळ साय पसरली तरी मरळीचं सगळं घर झाकलं जातं. ‘मरळ चिवट आहे, तिला काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं. म्हातारी मरळ दिसते म्हणून मरळ आहे असं समजू नका. पिल्लांचा घोळका दिसतो का ते बघा.

शिकारी मासा राखायचा कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. जो दुसऱ्या माशांना खातो त्याला वाचवून आपला काय फायदा?

आपल्या तळ्यांत आज कोणता मासा भरमसाट झाला आहे ते कुठल्याही जाळेवाल्याला विचारा. तो सांगेल, चिलापी. आफ्रिकेतला हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला. तो वर्षातून अनेकदा पिल्लं काढतो, जागा अपुरी पडली की बुटकाच राहतो आणि सगळं खाद्य फस्त करतो. मग तळ्यात मासे दिसतात खूप, पण हातात येतात बोटाएवढे. आग्नेय आशियातले मत्स्यपालक यावर मरळीचाच उपाय करत आले आहेत. चिलापीच्या तळ्यात मोजक्या मरळी सोडल्या की त्या पिल्लं खाऊन संख्या आटोक्यात ठेवतात आणि उरलेले मासे चांगले पोसतात. आपल्या तळ्यांत हे काम मरळ फुकट करते. ती गेली की तळं चिलापीचं होतं.

दुसरं, ती आपल्या ताटातली आहे. कमी काटे, घट्ट मांस आणि बाजारात जिवंत मिळण्याची खात्री यामुळे मरळीला नेहमी चढा भाव असतो. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत तिचं कौतुक वेगळं सांगायला नको. तेलंगणानं तर तिला, कोर्रमीनूला, राज्यमासा केलं आहे. हैदराबादला मृगाच्या मुहूर्तावर दम्यासाठी जिवंत मरळीचं पिल्लू गिळायला माणसांची गर्दी लोटते. त्या उपचाराला वैद्यकीय पुरावा नाही, पण लोकांच्या मनात या माशाची जागा कुठे आहे ते त्यावरून कळतं. ज्या माशासाठी आपण एवढं करतो, त्याला अंडी घालायला चार महिने देणं अवघड नाही.

आपल्याच राज्यात समुद्रावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. हजारो कोळी कुटुंबं दोन महिने होड्या किनाऱ्याला ओढून बसतात, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे. त्यांचं सगळं पोट त्यावर असतं तरी ते थांबतात. आपल्यापैकी बहुतेक जण ओढ्यावर जातात ते रविवारची हौस म्हणून. आपण थांबलो तर कोणाची चूल विझणार नाही.

घरचा राखणदार आणि परका दरोडेखोर

आता दुसरी मागणी. शिकारी मासा राखा म्हणतो आणि शिकारी मासा रोखा म्हणतो, हे एकाच तोंडानं कसं?

उत्तर अमेरिकेतल्या एका तळ्यात आहे. मेरीलँड राज्यात क्रॉफ्टन नावाच्या गावी एका माणसानं आजारी बहिणीला सूप करून द्यायचं म्हणून न्यूयॉर्कच्या बाजारातून मरळीच्या चिनी भाऊबंदांची एक जोडी जिवंत मागवली. सूप झालं नाही, मासे वाढत गेले, मग त्यानं ते मागच्या तळ्यात सोडून दिले. 2002 मध्ये ते लोकांच्या नजरेस पडले तेव्हा तळ्यात हजारावर पिल्लं होती. सरकारला विष टाकून अख्खं तळं रिकामं करावं लागलं. त्याच वर्षी अमेरिकेनं मरळीच्या सगळ्या जातींच्या जिवंत आयातीवर बंदी घातली. तरी दोनच वर्षांत तो मासा राजधानी वॉशिंग्टनजवळच्या पोटोमॅक नदीत सापडू लागला आणि आज तो तिथे कायमचा झाला आहे. फ्लोरिडाच्या कालव्यांत तर मरळीचीच एक मोठी आशियाई जात, शेपटीजवळ डोळ्यासारखा ठिपका असलेली, मुरून बसली आहे.

भीमेच्या खोऱ्यात जो मासा हजारो वर्षं बेडूक, किडे आणि इतर मासे यांच्या तोलात जगला, त्याचेच भाऊबंद दुसऱ्याच्या पाण्यात गेल्यावर संकट झाले. माशाचा स्वभाव बदलला नाही, पाणी बदललं. तिथल्या माशांना त्यांच्यापासून जीव वाचवण्याची सवय नव्हती आणि त्यांना खाणारं तिथे फारसं कोणी नव्हतं.

आपल्याकडे हीच गोष्ट आफ्रिकी मांगूर करतो आहे. बाजारात याला थाई मांगूर म्हणतात, पण तो मूळचा आफ्रिकेचा. देशी मागुरापेक्षा कितीतरी मोठा होतो, घाणीत वाढतो, हवेतून श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जातो. लहान मासे, अंडी, बेडूक, जे मिळेल ते खातो. केंद्र सरकारनं 2000 मध्येच त्याच्या पालनावर बंदी घातली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादानं ती पुन्हा बजावली. त्यानंतर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय विभागानं ठिकठिकाणी तळी रिकामी करून साठे नष्ट केले, त्यात आपल्या उजनीच्या काठावरचा इंदापूर भागही होता. तरी चोरून पालन चालतं. कोंबडीच्या दुकानातली आतडी आणि कत्तलखान्याचा कचरा टाकला की तो झपाट्यानं वाढतो, म्हणून खर्च कमी. स्वस्त पडतो म्हणून गिऱ्हाईकही मिळतं.

हे आवाहन वाचणाऱ्यांत असे पुष्कळ असतील ज्यांच्या घरी आठवड्यातून एकदाच मासा येतो आणि तो स्वस्त असल्याशिवाय येत नाही. गोदूताई परुळेकर वसाहतीत, रे नगरात विडी वळून, माग चालवून घर चालवणाऱ्या बाईला ‘मांगूर घेऊ नका’ सांगणं सोपं आहे, पण तिला पर्यायही सांगायला हवा. तो आहे. चिलापी स्वस्त आहे, तळ्यांत भरपूर आहे, आणि ती जेवढी पकडाल तेवढं तळ्याचं भलंच होईल. रोहू, कटला, मृगळ आहेत. आणि एवढा विचार करा: जो मासा सडलेल्या आतड्यांवर पोसला गेला, तो पोराच्या ताटात वाढायचा का?

शोभेच्या माशांचंही तेच. टाकीतला मासा मोठा झाला की मुलांना वाईट वाटू नये म्हणून बाप त्याला तळ्यात सोडून येतो. मनात दयाच असते, पण परिणाम दयेचा होत नाही. 2023 मध्ये भोपाळच्या बड्या तलावात आणि श्रीनगरच्या दाल सरोवरात ॲलिगेटर गार हा मगरीसारख्या तोंडाचा अमेरिकी शिकारी मासा सापडला. तो कोणाच्या तरी टाकीतूनच आला असणार. टाकीची काच साफ करणारा सकर मासा उजनीच्या जाळ्यांत अडकू लागला आहे. त्याच्या काटेरी कवचानं जाळी फाटतात आणि त्याला भाव काहीच नाही. नको झालेला मासा दुकानदाराला परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या. पण सिद्धेश्वर तलावात, संभाजी तलावात, हिप्परग्याला किंवा घराजवळच्या ओढ्यात सोडू नका. पुण्य म्हणूनही नको.

इथलं पाणी जातं कुठे?

‘आमच्या गल्लीतला नाला, त्याचं काय एवढं?’ असं वाटणाऱ्यांसाठी नकाशा सांगतो. सोलापूर शहर आणि दक्षिण सोलापूरच्या या उतारावरचं पाणी ओढ्या-नाल्यांनी सीनेला जातं. सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते.  अक्कलकोटकडच्या अंगाला बोरी नदी आहे, कुरनूरच्या धरणाची. तीही शेवटी भीमेलाच मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाऊन कृष्णेला. तेव्हा या रस्त्यालगतच्या खड्ड्यात सोडलेला मांगूर एका मोठ्या पुरात सीनेत पोहोचू शकतो आणि कारखान्याच्या मोरीतून निघालेला रंग दोन राज्यांच्या पाण्यात जातो.

हा औद्योगिक पट्टा चादरी आणि टेरी टॉवेलसाठी जगात ओळखला जातो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा अभिमान आपल्या सगळ्यांना आहे. पण रंगाईच्या पाण्यात काय असतं हे रंगारी जाणतो: क्षार, कॉस्टिक, न चढलेला रंग. रंगीत पाण्यात ऊन खोल उतरत नाही, शेवाळ आणि पाणवनस्पती मरतात, त्यांच्यावर जगणारे किडे मरतात आणि मग मरळीच्या पिल्लाला खायला काही उरत नाही. मासा विषानं मरण्याआधी उपाशी मरतो. बहुसंख्य कारखानदार सांडपाण्याची प्रक्रिया नेमानं करतात, त्यांचे आभार. पण पावसाची पहिली सर आली की ‘आता कोणाला कळतंय’ म्हणून झडप उघडणारा एकजण सगळ्यांवर पाणी फिरवतो. 1974 च्या जल कायद्यानं ओढ्यात दूषित पाणी सोडायला बंदी आहे, पाऊस पडत असला तरी.

कोणी काय करायचं?

कारखानदारांनो, 7 जूनच्या आधी एकदा आवारातून फेरी मारा. तेलाचे गळके पिंप, रंगाची रिकामी पोती, राख, उघड्यावर टाकलेला गाळ छपराखाली घ्या. पावसाच्या पाण्याची मोरी आणि सांडपाण्याची मोरी कुठे एकमेकींना जोडलेली नाही ना, हे मिस्त्रीला तपासायला लावा. सांडपाणी प्रक्रिया यंत्र पावसाळ्यातही चालू ठेवा. विजेचं बिल वाचवायला ते बंद ठेवू नका.

कामगार भावांनो, सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बसण्यात काही गैर नाही. पण लाल पिल्लांचा घोळका दिसला तर तिथे गळ टाकू नका, आई-बाप नक्की खाली असतात आणि पिल्लांच्या रक्षणासाठी ते कशावरही झडप घालतात. या काळात त्यांना पकडणं सोपं असतं आणि म्हणूनच ते टाळायचं. आई-बाप गेले की तो सगळा घोळका दिवसभरात चिलापी, बगळे आणि खंड्या संपवतात. ओढ्यात करंट सोडणं, ब्लीचिंग पावडर ओतणं, सुतळी बॉम्ब किंवा जिलेटिन टाकणं बंद करा. दारू उडवून किंवा विष टाकून मासे मारणं इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे. करंटनं मासा मरतो तसा माणूसही मरतो, हे वेगळं सांगायला नको. मच्छरदाणीचं जाळं करून पिल्लं गोळा करू नका.

शेततळ्याच्या मालकांनो, मासे सोडणार असाल तर बीज कुठून आलं ते विचारा. ‘लवकर वाढतं, कशावरही वाढतं’ असं सांगून कोणी बोटुकली विकत असेल तर तिथेच सावध व्हा. मरळपालन कायदेशीर आहे आणि त्यात पैसा आहे, पण मरळीची पिल्लं लहान-मोठी एकत्र ठेवली की एकमेकांना खातात, त्यांची वेळोवेळी प्रतवारी करावी लागते. त्यामुळे मत्स्यव्यवसाय विभागाचा सल्ला घेऊन उतरा. तळ्याच्या काठाला जाळी लावा, म्हणजे पुरात मासे ओढ्यात जाणार नाहीत.

मासे विकणाऱ्या मावशींनो, दादांनो, मांगूर ठेवणं बंद करा. पिल्लांच्या राखणीला असलेल्या मरळी घेऊन कोणी आलं तर या चार महिन्यांत त्या घेऊ नका. गिऱ्हाईक नसेल तर पकडणाराही थांबेल.

शिक्षकांनो, डेंग्यूच्या डासांसाठी गप्पी मासे टाकीत, हौदात सोडायला मुलांना शिकवा, पण ओढ्यात आणि तळ्यात नको, हेही त्याच धड्यात शिकवा. तिथे डासांच्या अळ्या खायला आपले देशी मासे आहेत.

आणि ज्यांच्या दारासमोरून नाला वाहतो त्या सगळ्यांनी डोळे उघडे ठेवा. मासे मरून वर आलेले दिसले, पाण्याचा रंग बदलला, उग्र वास आला, रात्री टँकर थांबून काही ओतताना दिसला, तर मोबाइलवर फोटो काढा, वेळ आणि जागा लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूर कार्यालयाला कळवा. पाणी लगेच वाहून जातं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सांगून उपयोग होत नाही. मांगूर पाळलेला दिसला तर मत्स्यव्यवसाय विभागाला कळवा. शेजाऱ्याशी भांडण काढू नका, मरणारे मासे हातानं उचलून खाऊ किंवा विकू नका.

‘आधी माणसांचं बघा, मग माशांचं’ असं कोणीतरी म्हणेलच. ज्या पाण्यात मरळीची अंडी जगत नाहीत त्याच पाण्यावर शेजारची विहीर भरते, बोअर चालतो, जनावरं पाणी पितात. शहराच्या तलावांत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचत आलो, हळहळलो आणि पान उलटलं. या वेळी तो विषय वर्तमानपत्रात येण्याची वाट बघायची नाही.

म्हणून पुन्हा एकदा, हात जोडून: पिल्लांवरच्या मरळीला हात लावू नका. मांगूर आणू नका, सोडू नका, खाऊ नका. ओढ्यात काहीही ओतू नका. हा कागद कंपनीच्या नोटीस बोर्डावर लावा, चहाच्या टपरीवर वाचून दाखवा, मोबाइलवर पुढे पाठवा. जून ते सप्टेंबर एवढाच काळ मागतो आहोत. तो या वर्षी दिलात तर ऑक्टोबरात आपल्या ओढ्यात मरळीची नवी पिढी असेल. नाही दिलात तर पुढच्या मृगात राखण्यासारखं काही उरेलच असं नाही.

आपले,
याच रस्त्यावर राहणारे आणि राबणारे काही सोलापूरकर